हयातीत घर आपल्याच नावावर राहू द्या

राहतं घर आणि शेतजमीन हयात असेपर्यंत मुलांच्या नावावर करू नका. साठी ओलांडलेल्या वाचकांना माझं पहिलं सांगणं हे आहे. मुलगा गुणी असला तरी करू नका. मुलगी जीव लावणारी असली तरी करू नका. त्यांना द्यायचं ते सगळं मृत्युपत्राने द्या. ते त्यांनाच मिळेल, फक्त तुमच्या माघारी मिळेल. तोवर घरावर तुमचं नाव असू द्या.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आठवड्यातून एक दिवस मी कागदपत्रांच्या मदतीला बसते. पेन्शनचा हयातीचा दाखला, श्रावणबाळ योजनेचा अर्ज, बँकेचं केवायसी अशी कामं असतात. सगळे उठून गेले तरी एखादं माणूस मागे रेंगाळतं, बहुधा बाई. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढते आणि म्हणते, "ताई, यात काय लिहिलंय ते जरा वाचून सांगा ना." तो कागद बहुतेक वेळा बक्षीसपत्र असतो, नाहीतर हक्कसोडपत्र. त्यावर तिचा फोटो असतो, अंगठा किंवा सही असते. आपण काय देऊन बसलो, हे तिला घरातून निघायची वेळ आल्यावर कळलेलं असतं.

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा-मुलगी, नातवंडं यांना बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. एरवी विक्रीच्या दस्ताला हेच शुल्क घराच्या किमतीवर लाखांत जातं. त्यामुळे कुणीतरी जाणता पाहुणा, एजंट किंवा जावई सांगतो, "आत्ताच करून टाका, नंतर पोरांना कोर्टाच्या फेऱ्या नकोत." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण मृत्युपत्राला तर मुद्रांक शुल्क मुळी लागतच नाही, हे त्या वेळी कुणी सांगत नाही.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात एक सकाळ काढून बघा. आजींना कॅमेऱ्यासमोर बसवतात, मग अंगठा यंत्रावर ठेवायला सांगतात. अंगठा उमटत नाही. जन्मभर भांडी घासून, शेणामातीत काम करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. ऑपरेटर म्हणतो, "पुसून परत ठेवा." मुलगा रुमालाने आईचा अंगठा पुसतो, आपल्या हाताने यंत्रावर दाबून धरतो. दोन-तीनदा खटपट केल्यावर तो उमटतो. "दस्त मान्य आहे ना?" असं कुणीतरी विचारतं. आजी मुलाकडे बघतात. मुलगा मान हलवतो, मग त्याही हलवतात. बाहेर येऊन सगळे चहा घेतात.

त्या घडीला मुलाच्या मनात काही वाईट नसेलही. पण त्या बाईला बाजूला एकटीला बसवून, "आजी, आजपासून हे घर तुमचं राहणार नाही, तुम्हाला चालेल ना?" असं तिच्या बोलीत कुणी विचारलेलं नसतं. दस्त करणाऱ्यांना, साक्षीदार म्हणून उभे राहणाऱ्यांना आणि कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे: हा एक प्रश्न मुलांना बाहेर थांबवून विचारा. पाच मिनिटं लागतात.

"माझा मुलगा तसा नाही," हे उत्तर मला नेहमी मिळतं. नसेलच. मी मुलाच्या स्वभावाबद्दल बोलत नाही. त्याच्या धंद्याबद्दल, त्याच्या कर्जाबद्दल, त्याच्या आयुष्याच्या दोरीबद्दल बोलते आहे. घर त्याच्या नावावर झालं की ते त्याच्या कर्जाला तारण जाऊ शकतं आणि हप्ते थकले की बँक जप्तीला येते. त्या वेळी आत कोण म्हातारं राहतं याचा विचार बँक करत नाही. मुलाचा आणि सुनेचा संसार मोडला तर त्या भांडणात घर ओढलं जातं. आणि बोलायला जीभ रेटत नाही, पण मुलगा आई-वडिलांच्या आधी गेला तर? हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याचं घर त्याची बायको, मुलं आणि आई यांच्यात वाटलं जातं. ज्या घराची ती पूर्ण मालकीण होती, त्यात आईला आता एक वाटा. वडिलांना तर पहिल्या वर्गाच्या वारसांत जागाच नाही. मुलीच्या नावावर केलेलं असेल आणि मुलगी आधी गेली, तर पहिला हक्क तिच्या नवऱ्याचा आणि मुलांचा. आई-वडील त्यानंतर. कायद्याने ते घर हातातून गेलेलं असतं आणि यात कुणाचाही दुष्टपणा लागत नाही.

'नटसम्राट' पाहून आपण सगळे रडलो. १९७० पासून मराठी माणूस त्या नाटकाला रडतो आहे. पण लक्षात राहतं ते शेवटचं बेघर होणं. ज्या निर्णयाने ते झालं, तो आप्पासाहेब बेलवलकर नाटकाच्या सुरुवातीलाच, आनंदाने आणि चारचौघांत घेतात. तिकडे आपलं लक्ष जायला हवं होतं.

नावाचा प्रश्न डोक्यावरच्या छपरापुरता नाही. नाव गेलं की घरातलं विचारणं बंद होतं. आधी दुरुस्ती काढायची तर "बाबा, किचनच्या ओट्याचं काय करू या?" असं विचारलं जायचं. नंतर ओटा बदलून होतो आणि बाबांना आवाजावरून कळतं. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस त्यांच्या नावाने येत नाही. कुणी पाहुणा आला तर आजोबांची खाट आतल्या खोलीतून हॉलमध्ये येते आणि पाहुणा गेला तरी हॉलमध्येच राहते. गावाकडे हे आणखी उघड दिसतं. सातबाऱ्यावरून बापाचं नाव निघालं की पीककर्जाला त्याला कुणी बोलावत नाही, विकास सोसायटीच्या मतदार यादीत तो राहत नाही, बांधावरच्या भांडणात पंच त्याचं मत घेत नाहीत. काल ज्याच्या शब्दावर पेरणी व्हायची, तो आज खताच्या पिशवीला पैसे मागतो. माणूस वयामुळे बाजूला पडतो असं आपण म्हणतो. मी जे पाहिलं त्यात वयापेक्षा हातातून गेलेल्या कागदाने माणसं जास्त बाजूला पडली.

आता विधवा आईबद्दल. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या मालमत्तेत आईचा, प्रत्येक मुलाचा आणि प्रत्येक मुलीचा सारखा वाटा असतो. वडिलांची आई हयात असेल तर तिचाही. पण तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले की हक्कसोडपत्राची गोष्ट निघते. "आई, सोसायटीत नाव लावायचंय, एक सही लागेल." बहिणींनाही त्याच बैठकीत सही करायला सांगतात. त्या दिवसांत त्या बाईला जेवलो की नाही हेही आठवत नसतं. पन्नास वर्षं घरचे सगळे कागद नवऱ्याने सांभाळले, तिने कधी विजेच्या बिलावरचं नाव वाचलेलं नाही. ती सही करते, कारण विचारलं तर पोरांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. आणि त्या एका सहीने नवऱ्याच्या घरातला स्वतःचा कायदेशीर हिस्सा सोडून देते.

आयांनो, मावश्यांनो, वर्षभर तरी कुठल्याही कागदावर सही करू नका. घाईचं असं काही नसतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागणं वेगळं आणि मालक होणं वेगळं. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. मयताची पेन्शन, बँकेतल्या ठेवी, विमा ही कामं आधी करा. त्यासाठी हक्क सोडावा लागत नाही. कुणी कागद पुढे केलाच तर "ठेवून जा, वाचून सांगते" एवढंच म्हणा. ज्या कागदासाठी आज संध्याकाळीच सही हवी असते, तो तर मुद्दाम ठेवून घ्या आणि बाहेरच्या माणसाला दाखवा.

आणि घरातल्या पुरुषांनो, तुम्ही हयात आहात तोवर ही वेळ बायकोवर येणार नाही याची तजवीज तुमच्या हातात आहे. मृत्युपत्र करताना घर आधी बायकोला द्या, तिच्या माघारी मुलांना. थेट मुलांना देऊन "ती राहीलच की त्यांच्याकडे" असं गृहीत धरू नका. नवरा-बायकोने दोघांनीही आपापलं वेगळं मृत्युपत्र करावं.

मृत्युपत्र करायला लोक भितात. करणं अवघड नाही. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेलंही चालतं. काय आहे, कुणाला द्यायचं, आधीची मृत्युपत्रं रद्द केली, आणि तारीख, एवढं स्पष्ट असावं. तुम्ही दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांनी तुमच्यासमोर. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान असावेत आणि मृत्युपत्रात ज्यांना काही मिळतं त्यांपैकी नसावेत. तुमची बुद्धी शाबूत असल्याचा नेहमीच्या डॉक्टरांचा त्याच तारखेचा दाखला जोडला की पुढचे निम्मे वाद मिटतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. खर्च किरकोळ असतो. आणि हे कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं खरं धरलं जातं. बक्षीसपत्राला ही सोय नाही. मुस्लिम कुटुंबांत मृत्युपत्राने किती देता येतं याला मर्यादा आहे, तिथे जाणत्या वकिलाला विचारून पावलं टाका.

काही घरांत बक्षीसपत्र करणं खरंच भाग पडतं. भाऊबंदकीचा धोका असतो, मूल दिव्यांग असतं. मग त्या दस्तातच दोन गोष्टी लिहून घ्या: हयातभर या घरात राहण्याचा तुमचा हक्क, आणि घर घेणाऱ्याने तुमचा सांभाळ करायचा ही अट. तोंडी वचनावर जाऊ नका. ही ओळ पुढे किती मोलाची ठरते ते शेवटी सांगते.

बँकेचं थोडक्यात. मुलाचं नाव खात्याला जोडताना फॉर्मवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' न लिहिता 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' लिहा. पहिल्या प्रकारात दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकतो. दुसऱ्यात तुम्ही हयात असेपर्यंत फक्त तुम्ही, नंतर मुलगा. बँकेत जाणं होत नाही म्हणून एटीएम कार्ड आणि पिन दुसऱ्याच्या हातात देण्याआधी शाखेत विचारा, सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा देण्याबाबत रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. मुलं परदेशी आहेत आणि कुणा भाच्या-पुतण्याला कुलमुखत्यारपत्र द्यायचं आहे, तर एका कामापुरतं, मुदत घालून द्या. सरसकट देऊ नका.

आता मुलांशी बोलते. तुमच्यातले बरेच जण आई-वडिलांना मनापासून सांभाळतात, हे मी रोज पाहते. एक भाऊ अमेरिकेत, बहीण बंगळुरूला आणि डायपर बदलणारा, रात्री दोनला रिक्षा शोधणारा तिसरा इथे. त्याला आणि त्याच्या बायकोला भीती असते की दहा वर्षं आपण करायचं आणि शेवटी घराचे तीन सारखे तुकडे व्हायचे. ही भीती खोटी नाही आणि ती बोलून दाखवण्यात लोभीपणाही नाही. पण तिच्यावर उपाय आईकडून घर काढून घेणं हा नाही. आईने सगळ्या भावंडांना, फोनवरच्यांनाही, एकत्र बसवून सांगावं: जो करतो त्याला मी जास्त देणार आहे. आणि तसं मृत्युपत्रात लिहावं. सुनेने केलं असेल तर सुनेचं नाव घालावं. सुनेला देता येत नाही असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, आणि आपल्या घरांत सेवा बहुतेक वेळा तीच करते.

तुम्हाला व्यवसायाला पैसा हवा असेल तर आई-बापाच्या राहत्या घराकडे बघू नका. त्यांच्याजवळ दुसरं काही विकत घेण्याचं वय उरलेलं नाही. डॉक्टरकडे गेलात तर आईला स्वतः बोलू द्या. तिचं दुखणं सांगायला तिला तुमच्यापेक्षा जास्त वेळ लागेल, लागू द्या. आणि कुठलाही कागद तिच्या सहीला नेण्याआधी तिला चष्मा द्या, एक दिवस द्या, ज्याच्याशी बोलावंसं वाटेल त्याच्याशी बोलू द्या. तुमचा हेतू स्वच्छ असेल तर या एका दिवसाने तुमचं काही बिघडत नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं एक कोटी दहा लाखांच्या वर होती. आज त्याहून बरीच जास्त असणार. त्यांच्यासाठी सरकार काही करत नाही असं मी म्हणणार नाही. एसटीत पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत आहे. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. ती कार्डं जरूर काढा. पण सवलतीचं कार्ड खिशात आणि राहायला जागा नाही, अशी माणसं मी पाहिली आहेत. म्हणून गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: सहली आणि वाढदिवस चालू द्या, पण महिन्यातून एक दुपार कागद वाचून दाखवण्यासाठी ठेवा. एखादा निवृत्त तलाठी, बँकेतला माणूस, न्यायालयातला कारकून प्रत्येक गावात सापडतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनीही ज्येष्ठ सभासदाची सदनिका हस्तांतरित करण्याचा अर्ज आला की त्या सभासदाला स्वतः भेटावं, एकट्याने.

ज्यांची सही होऊन गेली आहे, त्यांच्यासाठी आता नीट सांगते, कारण ते हा मजकूर वाचताना मनातून खचले असतील. रस्ता बंद झालेला नाही.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ चा कायदा आहे. प्रत्येक उपविभागात न्यायाधिकरण आहे, म्हणजे आपले प्रांत. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात यांच्याकडून दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मागता येतो. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाइकाला तुमची मालमत्ता मिळणार आहे त्याच्याकडून मागता येतो. सावत्र आई-वडीलही यात येतात. वकील करावा लागत नाही. नोटीस लागू झाल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा, फार तर ३० दिवस वाढवावेत, असं कायदा सांगतो. म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी सोडून देणं हा गुन्हा आहे, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

याच कायद्याचं २३ वं कलम लक्षात ठेवा. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर तो दस्त फसवणुकीने झाला असं धरून रद्द करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की त्यासाठी व्यवहारात तशी अट असायला हवी. मगाशी मी ती ओळ लिहून घ्या म्हटलं, ते यासाठी. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या खटल्यात त्याच न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि घराचा ताबा आईला द्यायला लावला. हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे, तेव्हा त्याचा अर्थ उदारपणे लावा, असंही बजावलं. त्या आईकडे बक्षीसपत्राबरोबर मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं. तेव्हा घरात शोधा: मुलाने लिहिलेली चिठ्ठी, मोबाइलवरचा संदेश, दस्तातली एखादी ओळ, ज्यात सांभाळण्याचा शब्द दिला आहे. दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची नक्कल मिळते, ती काढा आणि कुणाकडून तरी शेवटपर्यंत वाचून घ्या.

अर्ज स्वतः करता येत नसेल तर तुमच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही करू शकते. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, फोन लावायला पैसे पडत नाहीत, तिथे पुढची दिशा सांगतात. मारहाण होत असेल, जेवण किंवा औषध तोडलं असेल तर वाट बघू नका, ११२ ला फोन करा. प्रांत कार्यालयात अर्ज दिल्यावर पोच मागून घ्या, तिच्यावर तारीख आणि शिक्का आहे ना ते बघा. ती पोच आणि दस्ताची नक्कल मात्र घरात ठेवू नका. बहिणीकडे, मैत्रिणीकडे, संघाच्या कपाटात, कुठेही ठेवा, पण घरात नको.